टाकीवरची बाई

मृणालबाई चपला घालून टाकीवर चढल्या आणि कारखान्यात कुणी हूं की चूं केलं नाही.

मी दारात उभी होते, हातात जेवणाचा डबा घेऊन. आमच्या बर्फाच्या कारखान्यात घरच्या बाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती. टाकीवर तर नाहीच नाही. टाकी म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद. त्यात गारठलेलं मिठाचं पाणी, त्या पाण्यात बर्फाचे लांब पत्र्याचे डबे उभे सोडलेले आणि वर लाकडी झाकणं. त्या झाकणांवरून चालत माणसं डबे उचलायची. बाई झाकणांवर चढली की आत बर्फाला तडे जातात, असं सासऱ्यांच्या वेळेपासून सगळे धरून चालले होते. सासूबाईंनी उभा जन्म नवऱ्याचा डबा उंबऱ्यावर ठेवला, आणि लग्न होऊन आल्यापासून मीही तेच करत होते.

आणि ही मुंबईची बाई, केस कापलेली, माझ्या नवऱ्याच्या पाठोपाठ खटखट करत झाकणांवरून चालली होती. बाबल आमचा जुना टाकीवाला. एकदा माझी छोटी पुतणी नुसती आत डोकावली तर त्याने कारखाना डोक्यावर घेतला होता. तो आता हिला हात देत म्हणत होता, "सांबाळून हां मॅडम, थयसर निसरडा आसा."

मला पहिल्यांदा राग आला तो त्या चपलांचा. साध्या तपकिरी चपला, एक पट्टा तुटून शिवलेला. त्यांच्या जागी माझे पाय का नाहीत, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"जया, इकडे बघ, कडेने बर्फ कसा धरलाय!" ती तिकडून ओरडली.

जया! माझ्या नवऱ्याचं नाव जयवंत मालंडकर. गावात ते जयवंतशेट. मी त्यांना 'अवो' सोडून दुसऱ्या कशानेही हाक मारलेली नव्हती. आणि हिचा जया. मी डबा उंबऱ्यावर ठेवला, जरा आपटूनच ठेवला, आणि घरी आले. आतून कुणी बघितलंसुद्धा नाही.

आमचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. नळ आले, कारखाना बंद पडला. पण त्या काळी वैशाखात गावच्या विहिरी खारट व्हायच्या. कारखान्याची विहीर तर सगळ्यांत आधी. माशांवर घालायच्या बर्फाला खारट पाणी चालायचं, माणसांना चालत नव्हतं. गोडं पाणी हवं तर डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर जायचं, रांग लावायची आणि हंडा डोक्यावर घेऊन ती चढण उतरायची. कारखानदाराची बायको म्हणून मला कुणी रांगेत पुढे सोडत नव्हतं. सोडायला तरी का हवं होतं?

मृणाल देवस्थळी आणि हे मुंबईला एका कॉलेजात होते. सासरे अचानक गेले, यांना शिक्षण सोडून कारखान्यावर यावं लागलं. ती शिकत राहिली, डॉक्टर झाली, म्हणजे औषधाची नव्हे, पाण्याची. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेत होती. समुद्राचं पाणी गोठवून त्यातून गोडं पाणी काढायचं, असं तिच्या डोक्यात होतं. गोठवायला टाकी हवी, आणि टाकी आमच्याकडे होती. आली ती एक पिशवी आणि पाण्याचा खारटपणा मोजायचा एक मीटर घेऊन, आणि आमच्या पडवीतल्या खोलीत उतरली. समुद्राच्या पाण्याचा बर्फ केला की मीठ मागे राहतं, एवढं मला येता-जाता कानावर पडून कळलं होतं. कसं राहतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा माझा मुळातच कमी बोलणारा, असं मी समजून चालले होते. सकाळी 'चाय', दुपारी 'डबो', संध्याकाळी 'पाणी काढ', झालं बोलणं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी रुसून बघितलं, मग सोडून दिलं. काही माणसं असतात अशी, म्हटलं. माझे वडील बडबडे होते, त्याचा उतारा मिळाला म्हणायचं.

आणि मग ती आली, आणि हे बोलायला लागले.

पहिल्याच संध्याकाळी मी ओसरीवर त्यांना भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढत होते. मी विचारलं, "मीठ कमी नाही ना पडलं?"

"पडलं तरी काय," ती म्हणाली, "समोर एवढा समुद्र आहे."

हे हसले. गालातल्या गालात नाही, मोठ्याने. भाकरीचा तुकडा हातात तसाच, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग तिने कॉलेजातल्या कुठल्याशा फुटलेल्या थर्मामीटरची गोष्ट काढली, यांनी ती पुरी केली, तिने खोडली, यांनी परत सांगितली. मी तव्याकडे जाऊन येईपर्यंत ते समुद्रावर पोचले होते, मग बर्फावर, मग कुठल्या थंड देशातल्या लोकांवर. यांचा आवाज चढत होता, हात हलत होते. मी वाढत राहिले. असूया म्हणतात ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. ती पोटात असते, आणि तिला तिखल्याचा वास येतो.

सकाळी हे दाढी करत होते तेव्हा मी आरसा धरून विचारलं, "काल कसला एवढा बोलणा चल्ला होता?"

"काय नाय. कामाचा."

"माका पण सांगा."

"तुका कित्याक उगाच डोक्याक ताप?" हे म्हणाले. आणि अगदी मायेने म्हणाले, तेच मला जास्त लागलं. रागावून म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

झऱ्यावर शेवंती भेटली. शेवंतीचं घर आमच्या कुंपणाला लागून, आणि जीभ कुंपणाच्या पलीकडे.

"गो कुंदा, तुझो घोव हसता?" ती म्हणाली. "काल आमच्या खळ्यात आयकाक येय होता. आमका वाटला, कोण पावणो इलो."

"पावणीच इलीहा," मी म्हटलं.

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. हंडा भरून घेतला आणि निघाले.

घरी सासूबाई वेगळ्याच कारणाने धुमसत होत्या. "टाकीर चपला घालून!" त्या मला म्हणाल्या. "मी जल्मभर उंबऱ्यार डबो ठेवलंय. ह्या घरात लगीन होवन इलंय तेव्हापासून आत कसा दिसता ता माका ठावक नाय. आणि ती बया दोन दिसांत मालकीण झाली."

"तुमी तुमच्या झिलाक सांगा की."

"तो आयकतलो? तेचो सगळो जीव थयसर लागलोहा." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझा काय, मी म्हातारी. तू सांबाळ तुझा."

माझं सांभाळायचं म्हणजे काय करायचं? घरात कोंडून घालायचं? बोलू नका म्हणायचं? आयुष्यभर बोला बोला म्हणून झुरले, आता बोलू नका म्हणू?

आठवडाभर त्यांचं चाललं. टाकीच्या पलीकडच्या टोकाला थोडे डबे त्यांनी समुद्राच्या पाण्याने भरले. बाकीच्या डब्यांत होड्यांसाठी नेहमीचा बर्फ. हे घरी यायचे ते नुसते जेवायला, आणि जेवतानाही दोघं बोलत. मी आले की माझ्याकडे बघून हे गप्प व्हायचे असं नव्हतं, तसं असतं तर बरं झालं असतं. मी असले काय, नसले काय, बोलणं तसंच वाहत राहायचं.

शेवटी ते ऐकलं. मी पडवीत त्यांच्या हातात चहा दिला तेव्हा ती म्हणत होती, "हे जमलं ना, तर संस्था मोठं यंत्र बसवायला तयार होईल. मग तू वर्षभर मुंबईला ये, जया. तुझ्याशिवाय नाही होणार. कारखाना बाबल बघेल."

 कपात साखर कधीच विरघळली होती, तरी हे चमचा फिरवत राहिले. त्यावरूनच मला कळलं की हे जाणार.

"आणि कुंदाताई?" तिने विचारलं, माझ्याकडे बघून.

"ती आहे ना, आईजवळ," हे म्हणाले.

मी तशीच आत आले. प्रयोग फसू दे, असं मी त्या दिवशी देवाला चक्क हात जोडून म्हटलं. गावात माणसं पाण्यासाठी मरत होती, मी स्वतः हंडे वाहत होते, आणि तरी म्हटलं.

ज्या दिवशी डबे काढायचे होते, त्या दिवशी मी नुकतीच झऱ्यावरून आले होते. हंडा आणि कळशी चुलीशेजारी ठेवून पदराने मान पुसत होते, तेवढ्यात हे धावत आले. अंगातला शर्ट घामाने चिकटलेला.

"घरात गोडा पाणी आसा? आसात तेवढा दी. बर्फ वितळता."

मला काही कळेना. मग यांनी धापा टाकत सांगितलं. समुद्राचा बर्फ फोडून टोपलीत घातला होता. त्याच्या अंगाला चिकटलेलं खारट पाणी गोड्या पाण्याने धुवून काढायचं होतं. त्यासाठी मालवणहून मुद्दाम पिंपभर पाणी आणून ठेवलं होतं. आणि ते पिंप बाबलने सकाळीच नेहमीच्या डब्यांत ओतून त्याचा बर्फ करायला टाकलं! कुठे पाणी मोकळं दिसलं की त्याचा बर्फ करायचा, एवढीच सवय त्याच्या हाताला. वर विचारत होता, "ता पाणी कोणाच्या लग्नाचा होता?"

एरवी मी पोट धरून हसले असते.

मी हंड्याकडे बघितलं. आता मी नाही म्हटलं की सगळं आपोआप संपत होतं. बर्फ वितळून खारट व्हायचा, ती पिशवी उचलून एस.टी.त बसायची, आणि मुंबई राहायची मुंबईच्या जागी. मला काही करावंही लागणार नव्हतं. प्यायचं पाणी आहे, देत नाही, एवढंच म्हणायचं. सासूबाई माझ्याच बाजूने उभ्या राहिल्या असत्या.

पण मी यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे काहीतरी मागत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चहा आणि डबा सोडून काहीतरी मागत होते.

"देतंय," मी म्हटलं. "पण मी घेवन येतंय."

"ये, दारापर्यंत ये. थयसून बाबल घेवन जातलो."

"दारापर्यंत नाय. आत. टाकीर."

यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई जात्यापाशी बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. "कुंदा! तू घरची. घरच्यांनी पाळूचा असता."

"तिच्या चपलांनी बर्फाक तडो गेलो नाय," मी म्हटलं, "माझ्या पायांनी कित्याक जातलो?"

 मग हे म्हणाले, "चल तर. बर्फ वितळता."

मी हंडा डोक्यावर घेतला. कळशीला हात घालणार तोच सासूबाईंनी ती उचलली आणि कमरेवर घेतली. कुठे चाललात म्हणून मी विचारलं नाही. अंगण ओलांडून आम्ही कारखान्याच्या दाराशी आलो. उंबऱ्याशी त्या थांबल्या. आत वाकून बघितलं, कंप्रेसरच्या आवाजाने दचकल्या, आणि कळशी उंबऱ्यावर ठेवून तिथेच पायरीवर बसल्या. त्यांचं पाऊल आत पडलं नाही. मी अनवाणीच आत गेले.

झाकणं चढले तेव्हा तळव्यातून थंडी वर आली, गुडघ्यापर्यंत. लाकूड ओलं होतं. मी हंडा सांभाळत हळूहळू गेले. बाबल तोंड उघडं टाकून बघत होता. मी पुढे गेले तसं त्याने मागचं एक झाकण उचललं आणि आत डोकावला, तडा गेला का बघायला.

"अरे वा, कुंदाताई! या, या!" पलीकडून मृणालबाई म्हणाल्या.

माझ्याच कारखान्यात ती मला या म्हणत होती!  तिने हंडा घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. मीच ओतते."

चेनला टांगलेल्या टोपलीत फोडलेला बर्फ होता, दुधी, ओलसर. खाली रिकामा टब. मी यांना विचारलं, "कितपत ओतू?"

"मृणाल, कितपत?" यांनी तिला विचारलं.

ती सांगत गेली, मी ओतत गेले. आधी हंडा, मग परत जाऊन कळशी. धुवण टबातून बाहेर फेकलं, टब पुसला आणि मग धुतलेला बर्फ त्यात ओतून खिडकीतून येणाऱ्या उन्हात वितळायला ठेवला. दुपार कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मी घरी गेले नाही. जा असं कुणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी गेले नसते.

पाणी झालं तेव्हा तिने त्यात मीटर बुडवला आणि किंचाळलीच. यांनी पेला भरून तोंडाला लावला. मग बाबल प्याला. मग मी. पाणी गोड होतं. झऱ्याच्या पाण्यासारखं नाही, जरा पुळपुळीत, पण मीठ नव्हतं. समुद्राचं पाणी आणि मीठ नाही! माझ्या अंगावर काटा आला, ते मी नाकारत नाही. तिने यांच्यापुढे हात केला, यांनी टाळी दिली, आणि माझ्या अंगावरचा काटा तिथल्या तिथे मावळला.

"मोजू या," ती म्हणाली. मोजायला माझीच भांडी होती. टबातलं पाणी त्यांनी हंड्यात ओतलं. हंडा गळ्यापर्यंत भरला आणि टब रिकामा झाला. कळशी तशीच कोरडी राहिली.

दोघं हंड्याकडे बघत उभे राहिले.

"मी हंडो दिलंय आणि कळशी दिलंय," मी म्हटलं. "माझ्या कळशीतला पाणी खंय गेला?"

ती हसायला लागली आणि मधेच थांबली. केसांतून हात फिरवत झाकणावर बसली. "बरोबर आहे त्यांचं, जया. दिलं त्याहून कमी निघालं. एवढं धुवावं लागलं तर उपयोग काय? संस्था याला पैसे देणार नाही. मीच देणार नाही."

म्हणजे मुंबई गेली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अगदी पोटातून झाला. देवाने ऐकलं, असं वाटलं.

मग मी यांच्याकडे बघितलं.  हे टबाची कड हाताने पुसत होते, जिथे पुसायला काही नव्हतं. आठवडाभर चेहऱ्यावर जे होतं ते खाली खाली जात होतं, मला डोळ्यांदेखत दिसत होतं. उद्या ही जाईल. परवा सकाळी 'चाय'. दुपारी 'डबो'. मी पाच-पन्नास वर्षं आरसा धरून उभी, आणि हे 'काय नाय' म्हणणार.  मुंबई परवडली, पण ते 'काय नाय' नको.

"पण एवढा पाणी धुवूक कित्याक लागला?" मी विचारलं. "मीठ बर्फाच्या आत ऱ्हवता काय भायर?"

यांनी टबावरचा हात काढला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "खरं तर मृणाल, आपण गोठवतानाच घाई केली. टाकी एवढी गार ठेवायलाच नको होती, मला तेव्हाच..."

"इचारलंय मी," मी म्हटलं.

हे थांबले.

"इचारलंय मी. माझ्याकडे बघून सांगा."

कारखान्यात कंप्रेसर चालू होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाबल दुसरीकडे बघायला लागला. यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, असं की कुठून सुरू करावं तेच माहीत नाही.

"तसा न्हय," हे म्हणाले. "बघ. पाणी गोठताना मिठाक जवळ करीना. भायर ढकलता. आता, हळू गोठवला, तर सगळा मीठ ढकलत ढकलत मधी नेता, आणि मधला ओतून टाकूक येता. पण आमी घाई केली. घाईत काय होता..."

"म्हणजे कुंदाताई, स्फटिकांच्या मधे फटी राहतात, आणि..." मृणालबाई उत्साहाने म्हणाल्या.

"तुम्ही जरा गप्प बसा हो बाई," मी म्हटलं. "हे मला सांगतायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला. हसू दाबलं की आणखी काही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने उठल्या आणि झाकणांवरून चालत दाराकडे गेल्या. तिथे सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसलेल्या मला दिसल्या.

हे सांगत होते. सांगताना हात हलायला लागले. एक बर्फाचा तुकडा उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि त्यातल्या बारीक पांढऱ्या रेघा दाखवल्या, मीठ कुठे अडकतं ते. तुकडा वितळला तसा दुसरा आणला. माझे पाय बधिर झाले होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. जे कळलं नाही ते मी परत विचारलं. आणि जे कळलं होतं, तेही परत विचारलं.